नावापाशी थप्प

"बाकी सगळं बरं वाजवलंस गं, पण नावापाशी गप्प का झालीस?"

नानांनी हे विचारलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा वाजले होते. पाहुणे गेले होते, गच्चीवरच्या प्लास्टिकच्या खुर्च्या भाऊ एकात एक घालत होता आणि मी मसालेभाताच्या पातेल्याशी बसून तळाची खरवड खात होते. नानांचं सहस्रचंद्रदर्शन होतं त्या दिवशी. सकाळी गुरुजी, होम, ८१ दिव्यांनी ओवाळणं, सगळं रीतसर झालं आणि संध्याकाळी पोरांनी हट्टाने केक आणला. वाढदिवस नव्हता हं, वाढदिवस जूनमध्ये असतो, पण नातवंडांच्या हिशोबात कार्यक्रम म्हणजे केक. केक आला की ते जगभरचं वाढदिवसाचं गाणं आलं, आणि गाणं म्हटल्यावर भाच्याला आठवलं की मावशीने 'ते छोटं गिटार' आणलंय, म्हणजे माझं चार तारांचं युकुलेले. कुणीतरी वाजव म्हणावं म्हणूनच तर मी ते पुण्याहून सांगलीपर्यंत एसटीत मांडीवर धरून आणलं होतं, पण चेहरा असा केला की बाई गं, आता काय हे. चाळीसेक माणसं गात होती, मी वाजवत होते, आणि तिसऱ्या ओळीत जिथे नानांचं नाव येतं तिथे मी डावा हात उचलला आणि उजव्या हाताचा तळवा तारांवर मारला. थप्प. पुढच्या ओळीला परत चालू. इतक्या कल्ल्यात कुणाला कळणार होतं?

नानांना कळलं. एक्याऐंशीला टेकलेला माणूस, एका कानात मशीन.

मी हसून टाळलं, 'नवीन आहे अजून, होतं असं' वगैरे. पण रात्री झोप येईना. कारण ते 'होतं असं' नव्हतंच, ते मी मुद्दाम केलं होतं, गेले आठ महिने मी प्रत्येक गाण्यात तेच करत होते. त्या जागी जी कॉर्ड येते, म्हणजे एकदम वाजवायचा जो स्वरांचा जुडगा, ती बी फ्लॅट, आणि बी फ्लॅट ही बार कॉर्ड, एक बोट आडवं टाकून एकाहून जास्त तारा दाबायची, आणि बार कॉर्ड मला येत नव्हती. हे गाणं एफ पट्टीत वाजवायचं तर तीनच कॉर्ड लागतात. एफला दोन बोटं, सी सेव्हनला एक बोट, या दोन्ही पहिल्या आठवड्यात जमतात. तिसरी ही बया. आणि ती कुठे यावी? तुम्ही आत्ता मनातल्या मनात गाणं म्हणून बघा, 'डिअर' म्हणून झालं की पुढे ज्याचा वाढदिवस त्याचं नाव, बरोब्बर त्या नावावर ती येते. म्हणजे अख्ख्या गाण्यातला एकच शब्द जो दर वेळी नवा असतो, ज्याच्यासाठी हा सगळा घाट, तेवढाच मी गाळत होते. आठ महिन्यांत ऑफिसातल्या पाच जणांची, सोसायटीतल्या दोन पोरांची आणि आता जन्मदात्याची नावं मी अशी थप्प करून उडवली होती.

मग सी मध्ये का नाही वाजवत, हे विचारणारे हुशार लोक असतातच. सी मध्ये तिन्ही कॉर्ड सोप्या आहेत, मान्य. वाजवून पाहिलंय. पण त्या पट्टीत आमच्या घरातल्या बायकांचे आवाज इतके खर्जात जातात की वाढदिवस आहे की दहावा कळत नाही. एफ सगळ्यांना बसतो, पोरांनाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाला नानांनी विषय सोडला नव्हता. नाना पेटीवाले. नोकरी पोस्टात केली पण गावातल्या भजनी मंडळाची पेटी पन्नास वर्षं त्यांच्याकडे होती. "कुठल्या पट्टीत वाजवत होतीस?" म्हणाले. मी म्हटलं, एफ. त्यांनी हवेत पेटी असल्यासारखी बोटं फिरवली. "म्हणजे पांढरी चार. पांढरी चारचा सा धरला तर तिसरी ओळ काय होते, प प प, ग, सा, नी, ध. नावाला आपण नी वरून ध वर उतरतो. तिथे खाली मध्यम पाहिजे. तो कुठाय?" मी म्हटलं, तोच तर मला येत नाही. त्यांनी परत हवेत मोजलं आणि एकदम थांबले. "मध्यम म्हणजे काळी पाच झाली की! काळी पाच येत नाही तुला?" चेहरा असा, की जणू मी म्हणाले मला कणीक मळता येत नाही. आणि त्यांचं बरोबर होतं. गाणं शिकलेल्या, न शिकलेल्या निम्म्या मराठी बायकांची पट्टी काळी पाच. शाळेच्या गॅदरिंगला मी त्याच सुरात स्वागतगीत म्हटलंय. पेटीवर ते एक बोट ठेवायचं काम आहे, लहान पोर ठेवेल. आणि इथे मी शेहेचाळिसाव्या वर्षी त्याच काळ्या पाचपुढे हात उचलून मोकळी होत होते.

पुण्याला परत येताना ठरवलं, जूनपर्यंत चार महिने आहेत.

बार कॉर्डमध्ये नेमकं अवघड काय ते मी नवऱ्याला तीनदा सांगितलं आणि तीनदा तो 'हं' म्हणाला, म्हणून इथे लिहिते. बी फ्लॅटला पहिलं बोट पहिल्या फ्रेटवर, म्हणजे मानेवर ज्या आडव्या बारीक पट्ट्या असतात त्यातल्या पहिलीपाशी, आडवं, त्याने खालच्या दोन तारा एकदम दाबायच्या. त्यासाठी ते बोट पट्टीसारखं सरळ पाहिजे, शेवटचं पेर तर उलटं मागे वाकायला पाहिजे. आणि त्याच वेळी शेजारची दोन बोटं छान कमान करून शेंड्यावर उभी पाहिजेत, मधलं दुसऱ्या फ्रेटवर, अनामिका तिसऱ्या. म्हणजे एकाच हातातल्या तीन भावंडांपैकी थोरल्याने आडवं पडायचं आणि धाकट्यांनी ताठ उभं राहायचं, आणि कुणी कुणाचं बघून शिकायचं नाही. माझ्या हाताला हे पटतच नव्हतं. पहिलं बोट सरळ केलं की तिन्ही सरळ, धाकटी वाकवली की थोरलंही गोल होऊन बसायचं. एक एक तार छेडून बघायचे. पहिली टिंग, दुसरी टिंग, तिसरी टक्, चौथी झुर्रर्र. कितीतरी दिवस टिंग टिंग टक् झुर्र, रोज संध्याकाळी, कुकरच्या शिट्ट्यांमध्ये. ऑफिसात एकदा जेवताना म्हणून गेले की आजकाल रोज घरी गेल्यावर बारची प्रॅक्टिस करते, त्यानंतर आमच्या सेक्शनमध्ये दोन दिवस माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघत होते.

जोर लावून होईल असं वाटायचं. अंगठा मागून असा रेटायचे की मनगटापासून कोपरापर्यंत कळ जायची, पोळ्या लाटताना लाटणं धरवेना. बोटाच्या पोटावर तारांचे दोन आडवे वळ उमटायचे, सुतळी सोडल्यावर पुडक्यावर राहतात ना, तसे. आणि गंमत बघा, एवढा जोर लावूनही तिसरी तार मुकी. बरेच दिवसांनी नीट चष्मा लावून बघितलं तर कारण इतकं साधं होतं की रडूच आलं. माझ्या बोटाच्या सांध्याला जी घडी पडते ती बरोब्बर त्या तारेवर येत होती. घडीत पोकळी असते, तार तिथे दाबलीच जात नव्हती, आजूबाजूचं मांस कितीही दाबा. बोट दोन-तीन मिलिमीटर वर सरकवलं आणि जरा अंगठ्याकडच्या हाडाळ कडेवर कलतं केलं, तर तिसरी तार बोलली. टिंग. बारीक, पण टिंग. मी इतकी खूश झाले की तसाच हात न हलवता नवऱ्याला हाक मारली, तो येईपर्यंत बोट हललं आणि परत टक्.

चौथीची झुर्रर्र मात्र हटेना.

अशाच एका संध्याकाळी टक् आणि थप्प करता करता मला आजीची पोथी आठवली. नानांची आई. रोज संध्याकाळी दिवा लावून ती पोथीतला अकरावा अध्याय वाचायची. वाचायची म्हणजे पाठच होता, पोथी नुसती समोर. मी मांडीशी बसलेली असायचे. अख्खा अध्याय महादेवाच्या नावांनी भरलेला, आणि आमच्या आजोबांचं नाव त्याच नावांपैकी एक. कुठलं ते सांगत नाही, आजीला चालणार नाही. तर झालं काय, की ओवीत ते नाव आलं की आजी तेवढं म्हणायची नाही. चाल सोडायची नाही, लय सोडायची नाही, तोंड मिटून जितकी अक्षरं असतील तितके 'हं हं' आणि पुढचा शब्द परत खणखणीत. मला वाटायचं ओवीच तशी आहे. ऐकून ऐकून माझाही अर्धा अध्याय पाठ झाला, त्या हं हं सकट. तिसरीत असताना शेजारच्या काकूंकडे महाशिवरात्रीला मी मोठ्या ऐटीत म्हणून दाखवला आणि त्या काकू पदर तोंडाला लावून हसत राहिल्या, मला कळेना काय चुकलं. घरी आल्यावर आजीला विचारलं. आजी म्हणाली, "तुला म्हणायला हरकत नाही गं, तुझे आजोबा ते." पण तोवर जीभ वळली होती. आजही मी तो अध्याय म्हणायला गेले तर त्या जागांवर ओठ आपोआप मिटतात, नाव आठवून मुद्दाम घालावं लागतं.

आजीने ते नाव तोंडाने घेतलेलं मी एकदाच ऐकलंय, माझ्या मावसबहिणीच्या लग्नात सगळ्या बायकांनी धरून बसवल्यावर, उखाण्यात, आणि तेही इतकं भरभर की दोन ओळींच्या शेवटी काहीतरी चमकून गेलं एवढंच. आई एवढ्या जुन्या वळणाची नाही. शाळेत शिकवायची, फॉर्मवर पतीचं नाव लिहिताना तिचं पेन अडत नाही. पण हाक अजून 'अहो'च. आणि मला सहस्रचंद्रदर्शनाच्या सकाळची गोष्ट आठवली, गुरुजींनी संकल्पाला नाव विचारलं, नानांनी स्वतःचं पाळण्यातलं नाव सांगितलं तर भाच्याने मान वर करून विचारलं, हे कोण? खरंच, त्या नावाने हाक मारणारं कुणी उरलेलंच नाही. पेन्शनच्या कागदावर असतं ते. बाकी सगळ्या गावाला नानाच. आणि तो 'नाना' तरी मी कुठे वाजवला होता?

एप्रिलमध्ये मी शेवटी वाद्य घेऊन एका दुरुस्तीवाल्याकडे गेले. आमच्या इथेच, सायकलच्या दुकानावर माडीवर बसतो, गिटार, व्हायोलिन, बुलबुलतरंग, काय येईल ते. त्याने माझी तक्रार पूर्ण ऐकलीच नाही. युकुलेले डोळ्यापाशी धरलं, बंदुकीचा नेम धरतात तसं. मग तिसऱ्या फ्रेटवर एकेक तार दाबली आणि मला म्हणाला, "आता पहिल्या फ्रेटवर बघा मॅडम, तार आणि पट्टीमध्ये केसाएवढी फट पाहिजे. तुमच्यात पोस्टकार्ड जाईल." मानेच्या टोकाला जी पांढरी पट्टी असते, नट म्हणतात, तिच्या खाचा उथळ होत्या, त्यामुळे तारा तिथे उंच राहिल्या होत्या आणि पहिल्या फ्रेटवर दाबायला दुप्पट ताकद. मी ऑनलाइन घेतलं होतं, आलं तसं वाजवत बसले. त्याने तारा सैल केल्या, एका बारीक कानशीने चारही खाचा थोड्या थोड्या घासल्या, मध्ये मध्ये फुंकर मारून पांढरी पूड उडवायचा, परत तार लावून बघायचा. अर्ध्या तासाचं काम. घरी येऊन बी फ्लॅट धरला आणि मला स्वतःचाच राग आला. म्हणजे आठ-दहा महिने मी जो माझा दोष समजत होते त्यातला निम्मा तर खाचांचा होता. पण निम्माच. उरलेला माझा होता, ते त्या झुर्ररने लगेच दाखवून दिलं.

आणि ही झुर्रर्र मी आधी कुठे ऐकली होती तेही तिथेच, त्या कानशीच्या आवाजात आठवलं. मिरज. भजनी मंडळाचा तंबोरा घेऊन नाना मला सतारमेकरांच्या गल्लीत घेऊन गेले होते, मी असेन सात-आठ वर्षांची. दुकानात ओळीने टांगलेले पंढरपूरकडचे मोठमोठे भोपळे, लाखेचा आणि लाकडाचा वास, आणि जमिनीवर मांडी घालून बसलेला कारागीर घोडीवर कानस फिरवतोय. मग त्याने एका तारेखाली सुताचा दोरा सरकवला आणि तो केसाकेसाने पुढे-मागे करत राहिला. तार नुसती टण्ण वाजत होती, मुकी मुकी. दोरा एका जागी आला आणि एकदम ती तार उमलली, झूंऽऽ, मधमाशा उठाव्यात तशी. नाना म्हणाले, आता जीव आला. तार कशाला तरी हलकेच घासतेय म्हणूनच तो आवाज, जवारी म्हणतात. एका वाद्यात ती यावी म्हणून माणसं मिरजेपर्यंत जातात, दुसऱ्यात ती जावी म्हणून मी माडीवर चढले.

या काळात नानांना दर रविवारी फोन असायचाच, आता त्यात पाच मिनिटं युकुलेलेची. मी फोन स्पीकरवर ठेवून वाजवायचे. वाद्याबद्दल त्यांना आधी फारसा आदर नव्हता, "यात गाणं कुठाय? हे तर नुसतं साथीचं" असं चालायचं, जणू स्वतः पन्नास वर्षं दुसरं काही करत होते. पण एकदा मी त्यांना त्याची जन्मकथा सांगितली. १८७९ च्या ऑगस्टमध्ये मदेरा बेटावरून चारशेवर पोर्तुगीज माणसं रेव्हन्सक्रॅग नावाच्या जहाजातून चार महिन्यांचा प्रवास करून होनोलुलूला पोचली, उसाच्या मळ्यात करारावर राबायला. त्यांच्यात तीन सुतार होते, नुनेस, डायस आणि एस्पिरितो सांतो, त्यांनी मळ्यातलं संपवून शहरात दुकानं टाकली आणि गावाकडच्या छोट्या गिटारीवरून हे बनवलं. तिथल्या कालाकाउआ राजाला आवडलं म्हणून दरबारात गेलं. नावाचा अर्थ उड्या मारणारी पिसू. नाना पिसूला हसले नाहीत, ते उसापाशीच थांबले. सांगलीच्या माणसाला उसाचं काय सांगायचं, फेब्रुवारीत आमच्या गच्चीवर मळीचा वास येतो आणि खाली बीडकडच्या टोळ्यांच्या बैलगाड्या रांगेने कारखान्याकडे जात असतात. "म्हणजे ऊसतोडवाल्यांचं वाद्य," नाना म्हणाले. मग थोड्या वेळाने, "या टोळीवाल्यांच्या खोपीतपण रात्री ढोलकी वाजते बघ कधी कधी." त्यानंतर 'छोटं गिटार' बंद झालं, 'तुझं वाद्य' सुरू झालं. आणि पोर्तुगीजांनी त्यांना हे दिलं आणि आपल्याला बटाटा, असंही म्हणाले, पण ते कौतुकाने की तक्रारीने ते कळलं नाही.

मे महिन्यात मी एक लबाडी केली. इंटरनेटवर शिकवणाऱ्या एका मुलाने सांगितलं की बी फ्लॅट जमत नसेल तर पहिली तार मोकळी सोडा, अनामिकेची गरजच नाही, कुणाला कळत नाही. खरंच सोपं होतं, दोन बोटांत काम. रविवारी फोनवर ऐटीत वाजवलं. पलीकडे शांतता. मग, "यात रिषभ कुठून आला?" मी म्हटलं, कुठला रिषभ? "मध्यम, धैवत, षड्ज पाहिजे. तू एक मध्यम काढून तिथे रिषभ घुसवलायस. पाहुणा आहे तो. चांगला आहे, पण त्याला कुणी बोलावलं नव्हतं." कानात मशीन, वर फोन, त्यातून चार तारांमधली एक. मी अनामिका परत कामाला लावली.

त्याच फोनमध्ये मी त्यांना समजावून सांगत होते की बी फ्लॅट ही वेगळी काही आकृतीच नाही. ए कॉर्ड जशी धरतो तीच एक घर पुढे सरकवायची. फक्त ए मध्ये ज्या दोन तारा मोकळ्या होत्या त्यांनाही एक घर पुढे न्यायला पाहिजे, म्हणून पहिलं बोट आडवं, म्हणजे ती मानेवरची पांढरी पट्टीच बोटाने उचलून पुढे आणून ठेवल्यासारखं. नाना लगेच म्हणाले, "स्केल चेंजर!" मला आधी कळलं नाही. पेट्या असतात ना, ज्यांच्या पट्ट्याच अख्ख्या उचलून डावी-उजवीकडे सरकवता येतात, म्हणजे बोटं तीच ठेवायची आणि स्वर बदलायचा. नानांच्या मंडळात नंतर आलेल्या एका पोराकडे तसली होती, आणि नानांनी आयुष्यभर तिच्याकडे नाक मुरडून पाहिलं. ते म्हणायचे, गाणारा वर गेला तर आपली बोटं बदलावीत, पेटी काय सरकवायची. आता मात्र म्हणाले, "तुझं बोटच स्केल चेंजर आहे. मग भीती कसली, ते बोट एकदा तयार झालं की बाराही पट्ट्या तुझ्याच." आणि मग हळूच, "आम्हाला बारा पट्ट्यांची बोटं बसवायला नऊ वर्षं लागली."

जूनमध्ये वाढदिवसाला गेलो तेव्हा पाऊस नुकता सुरू झाला होता. या वेळी घरचेच, आठ-नऊ माणसं, छोटा केक, लाइट गेलेली म्हणून मेणबत्त्यांचा तेवढा उपयोग झाला. नानांनी पेटी काढून ठेवली होती आधीच, नुसता भाता हलवून पांढरी चार धरून बसले. गाणं सुरू झालं. मी माझ्या बोटांकडेच बघत होते, दुसरं काही दिसत नव्हतं. तिसरी ओळ, 'डिअर' आलं, बोट आडवं टेकलं, दोन धाकटी उभी राहिली आणि वाजलं. चारही तारा. नाना ज्या काळी पाचवर सरकले त्याच काळी पाचवर मीही होते, आणि पुढच्या क्षणाला ते गेलं, संपलं, ओळ बदलली, केकवर टाळ्या.

नानांनी भाता थांबवला नव्हता. तसंच हलवत म्हणाले, "दोन्ही मध्यम लागले." हे त्यांनीच मला आधी दाखवलं होतं, या कॉर्डमध्ये पहिली आणि शेवटची तार बरोब्बर एकच स्वर देतात, तंबोऱ्याच्या जोडासारखा. मी म्हटलं, पण चौथी अजून झुरतेय. "ऐकलं मी. एक स्वच्छ आहे, एकाला जवारी आहे. राहू दे."

तेवढ्यात भाचा ओरडला की व्हिडिओच चालू झाला नव्हता, परत म्हणा, परत म्हणा. मग परत मेणबत्त्या लावल्या. या वेळी मला बोटांकडे बघायची तेवढी गरज वाटली नाही, ती जातील तिथे असं वाटलं, म्हणून मान वर करून वाजवत होते. समोर केकच्या पलीकडे आई उभी होती. टाळ्या वाजवत, सगळ्यांबरोबर मोठ्याने गात, शाळेत प्रार्थना घ्यायची तशीच मान डोलवत. तिसऱ्या ओळीत 'डिअर'पर्यंत तिचे शब्द स्पष्ट होते. मग सगळे 'नाना' म्हणाले, माझी बी फ्लॅट वाजली, आणि आईचे ओठ मिटलेले होते. नी आणि ध. हं, हं. आणि पुढच्या ओळीला परत खणखणीत.